आजचा शेक कितवा?

कॅन्सरच्या किरणोपचाराला मिरजेत रेडिएशन म्हणणारे आम्ही मशीनपाशी बसणारेच. बाकी सगळे त्याला शेक म्हणतात, नाहीतर लाईट. ‘मामांना तेहतीस लाईट सांगितल्यात.’ ‘आईचे शेक चालू हायत, रविवार सोडून रोज.’ बाळंतिणीला शेक, लचकलेल्या पायाला विटेचा शेक, तसाच हा एक. मला या शब्दाचं कधी वावडं वाटलं नाही. फक्त या शेकात ऊब अजिबात नसते. किरणांची मात्रा ग्रेमध्ये मोजतात. सगळ्या अंगावर ४ ग्रे मात्रा एका वेळी पडली आणि उपचार झाला नाही, तर निम्मी माणसं दगावतात. पण तेवढ्या मात्रेतली सगळी ऊर्जा मोजली तर गरम चहाच्या एका घोटाइतकी. माणूस उष्णतेनं जात नाही. ती ऊर्जा नेमकी कुठं जाऊन आदळते, यावर सगळं ठरतं.

कोबाल्टच्या मशीनवर टेक्निशियन म्हणून माझी नोकरी झाली, आधी मुंबईत आणि मग इकडं. पेशंटला टेबलावर झोपवायचं, कातडीवरच्या जांभळ्या रेघांवर प्रकाशाचा चौकोन जुळवायचा, शिशाचे ठोकळे लावायचे, बाहेर येऊन जाड दार लोटायचं आणि बटण दाबायचं. छातीवर टीएलडी बॅज. तो दर तीन महिन्यांनी मोजणीला जायचा, आपल्या अंगावर किती किरण पडले ते कळायला. या सगळ्या वर्षांत एक प्रश्न मला बहुतेक रोज ऐकू आला. अथणीच्या आक्का विचारायच्या, जतचे आण्णा विचारायचे, ‘व्हय ओ दादा, रोज रोज जरा जरा देण्यापरीस एकदाच का देत न्हाईसा? येष्टीचं भाडं तरी वाचंल.’

प्रश्न रास्त आहे. १९२० च्या आसपास युरोपातले नामांकित डॉक्टरही हाच प्रश्न विचारत होते आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं उत्तर ‘एकदाच द्या’ असं होतं.

माझी आत्या हा प्रश्न विचारायला राहिली नाही. मिसरी लावून लावून तिची हिरडी गेली होती. आमच्या भागात हे नवल नव्हतं. निपाणीचा तंबाखूबाजार इथून दोन-अडीच तासांवर. बायका तव्यावर तंबाखू जाळून त्याची पूड करायच्या आणि सकाळी दातांना लावायच्या. ते व्यसन आहे असं कुणी मानत नसे, दात घासणं मानत. १९७४ साली आत्याला मुंबईला टाटा हॉस्पिटलात नेलं. वडील तिच्यासोबत दादरला धर्मशाळेत राहिले. तिचे पंधरा-सोळा शेक झाले, गाठ दिसायला कमी झाली, तोंड मात्र सोलवटून निघालं. तेवढ्यात गावाकडं चुलतभावाचं लग्न निघालं. ‘बरं वाटतंय की, उरलेलं नंतर घेऊ,’ असं म्हणून दोघं परत आली. तीन आठवड्यांनी पुन्हा गेली तेव्हा गाठ पहिल्यापेक्षा मोठी होती. कुणी रागावलं नाही, कुणाची चूकही नव्हती. फक्त रोज का, हे त्या दोघांना उमगेल अशा शब्दांत सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. मी तेव्हा कॉलेजात होतो. पुढं या कामाकडं वळलो त्याचं मूळ तिथं आहे.

मिरज हे दवाखान्यांचं गाव कसं झालं ते इथं बहुतेकांना ठाऊक असतं. विल्यम वानलेस हा कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात जन्मलेला मिशनरी डॉक्टर १८८९ साली हिंदुस्थानात आला आणि १८९४ साली मिरजेत त्याचं इस्पितळ उभं राहिलं. पटवर्धनांचं संस्थान, आणि रेल्वेचं जंक्शन. मला यातलं जंक्शन जास्त महत्त्वाचं वाटतं. पुणे, कोल्हापूर, बेळगाव या तिन्ही वाटा इथं मिळायच्या. १९२७ साली पंढरपूरकडून बार्शी लाईटची चिमुकली गाडीही आली. सत्तरच्या दशकात पुण्याकडचा रूळ रुंद झाल्यावर मिरज स्टेशनात तीन मापांचे रूळ शेजारी शेजारी होते. आजारी माणसाला बैलगाडीतून स्टेशनापर्यंत आणलं की पुढं मिरज गाठता येत असे. मोतीबिंदू, मुतखडा, क्षय सगळ्यासाठी लोक इथं यायचे. कॅन्सरचं तसं नव्हतं. वानलेससाहेबांच्या काळात कॅन्सरवर चाकूच काय तो इलाज, तोही वेळेत आला तर. किरणांसाठी पुढची कितीतरी वर्षं आमच्या लोकांना मुंबईची गाडी धरावी लागली.

किरणांची गोष्ट मिरजेच्या इस्पितळाच्या पुढच्याच वर्षी सुरू होते. ८ नोव्हेंबर १८९५ ला जर्मनीत राँटगेनला क्ष-किरण सापडले. १८९८ साली क्यूरी पती-पत्नींनी रेडियम शोधलं. १९०१ मध्ये बेकेरेल रेडियमची नळी कोटाच्या आतल्या खिशात घेऊन फिरला आणि काही दिवसांनी तेवढ्याच जागेची कातडी भाजून निघाली. नळी खिशात असताना त्याला काहीच जाणवलं नव्हतं. ते ‘काही दिवसांनी’ मला फार बोलकं वाटतं. विस्तवाचा चटका तिथल्या तिथं कळतो, हा चटका उशिरा कळतो. कातडी जाळणारी ही वस्तू गाठही जाळेल, हे डॉक्टरांच्या लगेच ध्यानात आलं. किती द्यायचं, किती वेळात द्यायचं, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. एर्लांगेनच्या जर्मन डॉक्टरांचा आग्रह असा की गाठीला सावरायला फुरसत देऊ नका, सगळी मात्रा एका बैठकीत द्या. तशी दिली की गाठ विरघळायची आणि तिच्याबरोबर वरची कातडी आणि आजूबाजूचं मांसही सडायचं.

याचं उत्तर सापडलं पॅरिसला, एका मेंढ्यावर. क्लोद रेगो तिथल्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये काम करायचा. मेंढ्याच्या अंडात शुक्रपेशी अखंड तयार होत असतात, भराभर वाढणाऱ्या गाठीसारख्याच, आणि वरची कातडी म्हणजे आजूबाजूचं निरोगी अंग. रेगोला दिसलं की एका बैठकीत मेंढ्याचं बीज पुरतं मारायचं तर वरची कातडी वाचत नाही. तीच मात्रा बरेच दिवस थोडी थोडी वाटून दिली तर मेंढा कायमचा निर्बीज होतो आणि कातडी सावरते. त्याचा सहकारी आंरी कुतार्द याच वाटेनं घशाच्या कॅन्सरकडं गेला. १९२२ साली पॅरिसच्या परिषदेत त्यांनी स्वरयंत्राच्या वाढलेल्या कॅन्सरमधून बरे झालेले रोगी मांडले. चाकू न लावता, आवाज शाबूत ठेवून. आपण आज जे रोजचे शेक देतो त्यांचं घराणं तिथून सुरू होतं. धनगरांच्या मुलखातल्या पेशंटला मी मेंढ्याची गोष्ट सांगायचो, ती त्याला लगेच पटायची.

पण असं का होतं, ते रेगोलाही सांगता आलं नव्हतं. मला ते नीट समजावलं आमच्या गावातल्या एका तंबोरेवाल्यानं.

मिरजेत सतार-तंबोरा करणाऱ्यांची एक गल्लीच आहे. मूळची ही शिकलगार घराणी. हत्यारांचे दिवस सरल्यावर एकोणिसाव्या शतकात ती तंतुवाद्यांकडं वळली. त्यातले एक उस्ताद घशाच्या कॅन्सरसाठी आमच्याकडं होते, पस्तीस शेकांचे. माझ्याहून वयानं मोठे, मी त्यांना चाचा म्हणायचो. टेबलावर चेहऱ्यावरचा साचा चढवताना ते नेहमी माझ्या बोटांकडं बघायचे. एक दिवस मी दुपारी त्यांच्या दुकानात गेलो. मांडीवर पंढरपूरकडचा वाळका भोपळा घेऊन ते चीर सांधत होते. बोटभर लांब, केसाएवढी चीर. तिच्यात सरस भरला, वरून चिंधी बांधली आणि भोपळा कोपऱ्यात ठेवला. म्हणाले, ‘एक चीर असंल तर सरस बसतो. रातभर वाळला की भोपळा पुन्हा बोलतो. पर दोन चिरा एका जागी मिळाल्या की टवका उडतो. मग कितीबी सरस लावा. आणि सरस ओला असताना तारा चढवल्या तर समदंच गेलं.’

त्या संध्याकाळी घरी येऊन मी जुनी वही काढली. पेशीच्या गाभ्यात डीएनएचे दोन पेडी धागे असतात. किरण बहुतेक वेळा थेट धाग्यावर पडत नाही. पेशीत भरलेल्या पाण्याचे रेणू तो फोडतो, त्यातून हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय आक्रमक तुकडे सुटतात आणि ते धागा तोडतात. एका ग्रे मात्रेमागं एका पेशीत सुमारे हजार ठिकाणी एक पेड तुटतो. समोरचा पेड शाबूत असतो, त्याच्याकडं बघून पेशी तुटलेला पेड पुन्हा विणते, काही मिनिटांत. ही चाचांची एकेरी चीर. दोन्ही पेड एकाच जागी तुटण्याचे प्रसंग ग्रेमागं वीस ते चाळीस, पण टवका उडतो तो इथं. एटीएम नावाचं प्रथिन ही तूट हेरतं आणि पी-५३ ला हाक देतं. १९७९ साली सापडलेलं हे पी-५३ पेशीला म्हणतं: थांब, आधी दुरुस्ती कर, मग विभाग. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशी स्वतःच मरण पत्करते.

माणसाच्या जवळजवळ निम्म्या कॅन्सरांमध्ये हे पी-५३ च बिघडलेलं असतं. तंबाखूनं झालेल्या तोंडाच्या गाठीत तर फारच. म्हणजे कॅन्सरच्या पेशीला थांबा म्हणणारं कुणी उरलेलं नसतं. सरस ओला असतानाच ती तारा चढवते. शेजारची निरोगी पेशी आजच्या मारानंतर थांबते, रात्रभर सांधते आणि उद्या बऱ्यापैकी सावरून उभी राहते. गाठीतल्या बऱ्याच पेशी तुटके धागे घेऊनच विभागायला निघतात आणि विभागताना कोसळतात. म्हणून रोज २ ग्रे आणि मधे एक रात्र. ही रात्र निरोगी अंगासाठी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांना टेबलावर झोपवताना मी त्यांना एवढंच म्हणालो, ‘चाचा, कालचा सरस वाळला का बघायला आलोय.’ साच्याखाली त्यांना हसता येत नव्हतं, त्यांनी अंगठा वर केला.

पेशी किरणांनी नेमकी कशी मरते हे मोजायला १९५६ साल उजाडावं लागलं, आणि त्या मोजणीत एक बाई आहे जिला आपल्या कामाचा पत्ताच नव्हता. बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये १९५१ साली हेन्रिएटा लॅक्सच्या गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर रेडियमच्या नळ्या ठेवण्याआधी गाठीचा तुकडा काढला गेला, तिला न विचारता. ती त्याच वर्षी वारली. तिच्या पेशी जॉर्ज गायच्या प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत वाढतच राहिल्या, त्या हेला पेशी. डेन्व्हरला पक आणि मार्कस यांनी त्यांच्यावर क्ष-किरण सोडून किती पेशी वंश चालवू शकतात ते मोजलं. त्यांना दिसलं की मार बसलेली पेशी लगेच मरत नाही. ती एक-दोनदा विभागते, नाहीतर विभागायचं सोडून नुसती फुगत राक्षसी होते, आणि मग संपते.

याच गायच्या प्रयोगशाळेत आपली एक मराठी बाई काम शिकून आली होती, कमल रणदिवे. माहेरची समर्थ, पुण्याची, हुजूरपागेची विद्यार्थिनी. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, राँटगेनच्याच तारखेचा. टाटा हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं तेव्हा तिथं रोगनिदानाची बाजू वसंत रामजी खानोलकरांनी उभारली. त्यांच्या हाताखाली कमलताईंनी उंदरांच्या स्तनांतल्या कॅन्सरवर काम केलं आणि अमेरिकेहून परतल्यावर मुंबईत देशातली पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. पेशी बाटलीत जिवंत ठेवता आली नाही तर तिच्यावर किरणांचा काय परिणाम होतो हे बघायचं कुठं? पेशंटवरच. म्हणून काचेच्या त्या बाटल्यांचं मला कौतुक वाटतं. १९५९ मध्ये एल्काइंड आणि सटन यांनी अशाच बाटल्यांतल्या पेशींना एक मात्रा दोन हिश्शांत, मधे काही तास ठेवून दिली. एकदम दिलेल्या मात्रेपेक्षा किती तरी जास्त पेशी वाचल्या. पेशी त्या मधल्या तासांत सांधकाम करते, हे आकड्यांत दिसलं. मेंढ्याचं कोडं सुटायला पस्तीस-चाळीस वर्षं लागली.

रोज थोडं थोडं देण्याला आणखी एक कारण आहे, हवेचं. १९५५ साली लंडनला टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसातल्या गाठींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रक्तवाहिनीपासून थोड्या अंतरापर्यंतच गाठ जिवंत, त्यापलीकडं मेलेला लगदा, आणि मधल्या सीमेवर हवेवाचून कशाबशा तग धरलेल्या पेशी. खरी अडचण या पेशींची. प्राणवायू असेल तर किरणांनी केलेली तूट पक्की होते, नसेल तर बरीचशी आपोआप मिटते. हवेवाचूनच्या पेशीला मारायला अडीच ते तीन पट मात्रा लागते. दाट उसाच्या फडात मधल्या बेटांना वारा लागत नाही, तसं हे. पण कडेचा ऊस तुटला की आतल्या उसाला वारा मिळतो. रोजच्या शेकानं गाठीच्या कडेच्या पेशी पडतात, आतल्यांपर्यंत रक्त पोचतं आणि उद्याच्या शेकाला त्या सापडतात. शेक चालू असताना हिमोग्लोबिन तपासतात, रक्त वाढवायला सांगतात, विडी सोडायला सांगतात, त्यामागं हे आहे. विडीच्या धुरातला विषारी वायू रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. पेशंटला हे सांगितलं की निम्मे जण त्या दिवसापासून खिशातला कट्टा बायकोकडं द्यायचे.

ज्या कोबाल्टच्या मशीननं हे सगळं गावोगावी पोचवलं ते वानलेससाहेबांच्याच ओंटारिओतून निघालं, याचं मला कायम अप्रूप आहे. चॉक रिव्हरच्या अणुभट्टीत साध्या कोबाल्टचा कोबाल्ट-६० केला गेला, आणि २७ ऑक्टोबर १९५१ ला ओंटारिओतल्याच लंडन नावाच्या शहरात त्यावर पहिल्या पेशंटवर उपचार झाले. आपल्याकडं पहिलं यंत्र १९५७ साली मद्रासला अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये आलं. पुढं आपल्याच देशात रावतभाट्याच्या अणुभट्टीत कोबाल्ट तयार व्हायला लागला आणि २००५ मध्ये खारघरला भाभाट्रॉन हे स्वदेशी यंत्र लागलं. यंत्राच्या डोक्यात, शिशाच्या जाड कवचात, रुपयाच्या नाण्याएवढ्या तोंडाची पोलादी डबी असते. तिच्यात मिलिमीटरभर जाडीचे कोबाल्टचे दाणे. वीज गेली तरी ते दाणे थांबत नाहीत. बटण सोडलं की आम्ही ती डबी फक्त कवचात परत नेतो.

आणि ती डबी म्हातारी होत जाते. कोबाल्टचं अर्धआयुष्य सव्वापाच वर्षं. महिन्याला जेमतेम एक टक्का कमी होतं, ऐकायला काहीच नाही. आम्ही दर महिन्याला वेळेचा तक्ता नव्यानं काढायचो. नवी डबी असताना जो शेक मिनिटभरात व्हायचा तो पुढं दोन मिनिटांवर, मग तीनवर जायचा. बाहेरची रांग तेवढी लांबायची. एके ठिकाणी, मी तिथं नोकरीला असताना, जुनी डबी संपत आली तरी नवी वेळेत आली नाही, आणि मग मशीनही बंद पडलं. अकरा दिवस. व्हरांड्यात सतरंज्या टाकून बसलेली माणसं, कुणाचे बावीस झालेले, कुणाचे नऊ. मी रोज सकाळी दार उघडून ‘आज नाही’ म्हणायचो. मला तेव्हा झोप लागत नसे, कारण त्या अकरा दिवसांत काय चाललंय ते मला माहीत होतं. १९८८ साली विदर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या असंख्य रोग्यांच्या नोंदी जुळवून दाखवलं होतं की सुमारे चार आठवड्यांनंतर वाचलेल्या पेशी पहिल्यापेक्षा झपाट्यानं वाढायला लागतात. त्यानंतर उपचार जितके लांबतील, तितक्या दरेक दिवसासाठी सुमारे ०.६ ग्रे जास्त लागतो. नुसती ती वाढ झाकायला. आत्याच्या तीन आठवड्यांचा हिशेब मी पहिल्यांदा हा आकडा वाचला त्या दिवशी केला होता.

म्हणून दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी रांगेतल्या प्रत्येकाशी बोलायचो. जत्रा, लग्न, ऊसतोड, सगळ्यांची आधीच चौकशी. तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं, पाणीसुद्धा झोंबतं, आणि नेमकी तेव्हाच पळून जायची इच्छा होते. ताक, नाचणीची आंबील, साजूक तूप घातलेला मऊ भात, जे उतरेल ते घ्या, पण या. आणि शेवटचा शेक झाल्यावरही गाठ हाताला लागते म्हणून रडणाऱ्या मावशींना सांगायचं की आतल्या पेशींना मार बसलाय, त्या विभागायला जातील तेव्हा पडतील, महिना दीड महिना वाट बघा.

आता मिरजेत लिनॅक आहेत, विजेवर किरण तयार करणारी यंत्रं, त्यामुळं डबी म्हातारी होण्याची भानगड नाही. शेकांची संख्याही काही आजारांत कमी झाली आहे. रांग मात्र तशीच, तीच गावं.

चाचांचे पस्तीस शेक एकही दिवस न चुकता झाले. शेवटच्या दिवशी कार्डावरच्या पस्तिसाव्या चौकोनात मी तारीख घातली, सही केली. त्यांनी ते कार्ड हातात घेऊन सगळे चौकोन पहिल्यापासून बोटानं मोजले, वाद्याचे पडदे मोजावेत तसे. घसा बसलेला होता. खुणेनंच म्हणाले, दुकानात ये. मी दार उघडून पुढचं नाव पुकारलं. कागवाडच्या एक मावशी पदर सावरत आत आल्या.

‘आजचा कितवा ओ, दादा?’

‘नववा, मावशी.’